कोच कोणी नेमला?

मुंबई सिटी फुटबॉल क्लबचा कोच बदलला की समर्थकांत वाद पेटतो, आणि तो पेटायलाच हवा. तिकीट काढून अंधेरीच्या मैदानावर येणाऱ्याला क्लबच्या कारभारात दुसरा कुठलाही आवाज नाही. कोणता खेळाडू घेतला, कोणता विकला, हे त्याला सगळे ठरून गेल्यावर कळते. पण नव्या कोचबद्दल भांडताना आपण एकाच प्रश्नापाशी थांबतो: हा जिंकून देईल का? त्याला कोणी निवडले, कशाच्या आधारावर निवडले, निवडीच्या यादीत आपल्याकडचा कोणी होता का, हे विचारायचे राहूनच जाते.

जिंकण्या-हरण्यावरून हा वाद मिटत नाही, हे गोव्याने अनुभवले आहे. जानेवारी २०२० च्या अखेरीस एफसी गोवा गुणतक्त्यात पहिल्या क्रमांकावर होता, साखळीचे तीनच सामने उरले होते, आणि क्लबने सर्जिओ लोबेरा यांना काढले. सूत्रे घेणाऱ्यांत क्लिफर्ड मिरांडा हे गोवेकर होते. साखळीत अव्वल ठरून संघाने लीग शील्ड जिंकली. लोबेरा पुढच्या मोसमात मुंबईत आले आणि मार्च २०२१ मध्ये गोव्यातल्याच फातोर्ड्यात अंतिम सामना जिंकून त्यांनी शील्डपाठोपाठ करंडकही मुंबईला मिळवून दिला. गोव्याचा निर्णय बरोबर ठरला की चूक? दोन्ही बाजूंकडे पुरावा आहे. मला अस्वस्थ करते ते त्यापुढचे. एप्रिल २०२३ मध्ये मिरांडांनी हंगामी कोच म्हणून ओडिशाला सुपर कप जिंकून दिला. त्यानंतर महिनाभरात ओडिशाने कायमची जागा लोबेरांना दिली. लोबेरा उत्तम कोच आहेत, यात शंका नाही. पण करंडक जिंकूनही जी खुर्ची मिळत नाही, ती भारतीय माणसाने काय केले म्हणजे मिळेल?

मुंबईचे उदाहरण तर याहून बोचणारे आहे. खालिद जमील महिंद्रा युनायटेड आणि एअर इंडियाकडून खेळले, मुंबईच्या मैदानांवरच घडले. २००९ मध्ये त्यांनी मुंबई एफसीची सूत्रे घेतली. कूपरेजवर खेळणारा हा क्लब पैशाने लहान होता. जमील यांच्या संघाचा खेळ बचावाचा, डोळ्यांना न सुखावणारा, अशी तक्रार समर्थकही करत. तरी वर्षामागून वर्षे आय-लीग या राष्ट्रीय स्पर्धेतली जागा त्यांनी राखली. २०१६ मध्ये क्लब आणि ते वेगळे झाले. पुढच्याच मोसमात मध्येच कोच बदलूनही मुंबई एफसीचा संघ तळाला गेला, आय-लीगमधून बाहेर पडला आणि मग क्लबच बंद झाला. त्याच मोसमात जमील ऐझॉलला होते. आदल्या वर्षी खाली घसरलेल्या आणि नंतर पुन्हा सामावून घेतलेल्या त्या संघाने ३० एप्रिल २०१७ रोजी शिलाँगमध्ये १-१ बरोबरी साधून विजेतेपद पटकावले. ईशान्येतला कोणताही क्लब त्याआधी राष्ट्रीय लीग जिंकलेला नव्हता. जयेश राणे आणि आशुतोष मेहता हे मुंबईत खेळलेले खेळाडूही त्या संघात होते. त्या गुणतक्त्याची दोन टोके एकत्र पाहिली की आपण काय गमावले, ते कळते.

आता मुंबई सिटीच्या कोचांची यादी बघा. २०१४ पासून पीटर रीड, निकोला आनेल्का, अलेक्झांद्रे गिमाराइश, जॉर्ज कोस्टा, लोबेरा, डेस बकिंगहॅम, पेत्र क्रातकी. हंगामी नेमणुका सोडल्या तर यात एकही भारतीय नाही. यातल्या काहींचे ऋण मान्यच केले पाहिजे. बकिंगहॅम यांच्या संघाने एप्रिल २०२२ मध्ये रियाधला इराकच्या एअर फोर्स क्लबला हरवले. आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये सामना जिंकणारा तो पहिला भारतीय क्लब. क्रातकी यांनी मे २०२४ मध्ये कोलकात्यात मोहन बागानला त्यांच्याच मैदानावर ३-१ ने नमवून करंडक आणला. भारतीय कोच आला की सगळे सुरळीत होते, असेही नाही. स्वतः जमील ऑगस्ट २०२५ मध्ये राष्ट्रीय संघाचे कोच झाले आणि दोनच महिन्यांत मडगावात सिंगापूरकडून हरल्यामुळे आशियाई करंडकाची वाट बंद झाली. देशी म्हणून कोणाला जागा द्या, असे मी म्हणत नाही. त्याला दारातून आत घेऊन त्याचे म्हणणे ऐका, एवढे मागतो.

भिवंडी तालुक्यातल्या दिघाशीसारख्या गावाशी याचा काय संबंध, असे कोणी म्हणेल. गोदामातली पाळी संपवून आलेली इथली मुले मध्यरात्री मोबाइलवर मँचेस्टर युनायटेडचा सामना बघतात. फर्ग्युसन २०१३ मध्ये निवृत्त झाल्यावर मोयेस, फान खाल, मोरिन्यो, सोल्शेअर, टेन हाग, अमोरिम असे कोण कोण आले, ते घडाघडा सांगतात आणि त्यावर तावातावाने भांडतात. अंधेरी त्यांना त्या मानाने दूरच. रात्रीचा सामना संपवून गावी परतायला वाहन मिळणे मुश्कील. ही मुले फुटबॉल जाणतात. पण कोच होणे हा आपल्यासारख्याचाही व्यवसाय असू शकतो, त्याचे परवाने असतात, पायऱ्या असतात, हे त्यांच्या मनात कुठून येणार? त्या जागेवर त्यांनी आपल्या भाषेत बोलणारा माणूस पाहिलेलाच नाही. कोल्हापुरात वेगळे चित्र आहे. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा या तालमींच्या संघांत शिकवणारा पेठेतला, ओळखीचा असतो. शाहू स्टेडियमवर त्याचा डाव फसला तर दुसऱ्या दिवशी गल्लीत त्याला लोक गाठतात आणि त्याला उत्तर द्यावे लागते. त्या तोंडावरच्या विचारण्यातून पोरे खेळाबरोबर कोचचे कामही शिकतात.

समर्थकांनी विचारून काही होत नाही, हा समज मोहन बागानवाल्यांनी खोटा ठरवला. क्लबच्या नावापुढे लागलेले ‘एटीके’ काढा म्हणून ते सामन्यांत फलक धरत राहिले, आणि मार्च २०२३ मध्ये करंडक जिंकल्याच्या रात्री मालकांनी ते काढत असल्याचे जाहीर केले. जर्मनीत तर बहुतेक क्लबांत निम्म्याहून अधिक मते सभासदांच्या हाती ठेवणारा नियमच आहे. आपल्याकडे तसा नियम नाही, पण मुंबईत परिस्थिती बदलली आहे. २०१९ मध्ये बहुसंख्य हिस्सा घेतलेला सिटी फुटबॉल ग्रुप डिसेंबर २०२५ मध्ये बाहेर पडला आणि क्लब पुन्हा इथल्या मालकांकडे आला. मँचेस्टरमधून चालणाऱ्या समूहाला जे विचारता येत नव्हते, ते आता याच शहरात विचारता येईल. पुढची नेमणूक होईल तेव्हा किती भारतीय कोचांना मुलाखतीला बोलावले आणि निवड कोणत्या कारणाने झाली, हे क्लबने जाहीर करावे. समर्थकांनी ही मागणी लेखी द्यावी आणि उत्तर येईपर्यंत दर घरच्या सामन्याला ती पुन्हा करावी.