५३.२ या आकड्यापाशी

थोडं सावकाश वाचा. चेंबरचं जाड दार बंद झालं आहे. भिंतींवर शोषक सुळके, फिरत्या टेबलावर घरगुती संगणक, ३ मीटरवर हॉर्न अँटेना. संगणकातून किती रेडिओ लहरी निसटतात ते मोजायचं आहे. बाहेर रिसीव्हरच्या पडद्यावर ४ गिगाहर्ट्झला सरासरी वाचन येतं: मीटरला ५३.२ डेसिबल-मायक्रोव्होल्ट. सिस्पर या मानक ठरवणाऱ्या संस्थेच्या ‘सिस्पर ३२’ मानकाची घरगुती मर्यादा ५४. म्हणजे पास. सगळे उठू लागतात.

तुम्ही बसून राहा. आकडा आला त्या वाटेनं मागे चला.

पहिली लागते केबल. या वारंवारितेला हवेतली तरंगलांबी ७.५ सेंटीमीटर, केबलमध्ये आणखी कमी. रिसीव्हरच्या तोंडाशी थोडी लहर परत फिरते, अँटेनावर आपटून पुन्हा येते आणि मूळ लहरीत मिसळते. ती भर घालते की घट करते, हे केबलच्या लांबीवर ठरतं. केबल जेमतेम दीड सेंटीमीटरनं अधिक लांब असती, तर भर घालणारी लहर घट करू लागली असती. दोन्ही टोकांचा व्हीएसडब्ल्यूआर, म्हणजे लहर किती परत फिरते याचं माप, २ असेल, तर ही चूक साधारण १ डेसिबल वर किंवा खाली जाते.

इथे जरा रेंगाळा. ही चूक बहुधा शून्याजवळ असेल, असं मनाला वाटतं. तसं नाही. झोका टोकांशी रेंगाळतो आणि मधून सपकन जातो, तशी हीसुद्धा टोकांपाशीच जास्त सापडते. मात्र तिला आवरता येतं. अँटेनाच्या तोंडाशी सिग्नल कमी करणारा १० डेसिबलचा अ‍ॅटेन्युएटर लावला, की ती ०.१ डेसिबलवर येते. त्याबदल्यात १० डेसिबल सिग्नल गमवावा लागतो आणि रिसीव्हरचा स्वतःचा गोंगाट जवळ येतो. फुकट काहीच नाही.

पुढे अँटेनाचं कॅलिब्रेशन, चेंबरमधलं उरलंसुरलं परावर्तन. या साऱ्यांचे वर्ग करून बेरीज, मग वर्गमूळ. ३ आणि १ मिळून ४ होत नाहीत, ३.१६ होतात. म्हणून आधी सगळ्यात मोठ्या घटकाकडे बघायचं.

समजा, या प्रयोगशाळेची विस्तारित अनिश्चितता ४.८ डेसिबल निघाली. म्हणजे साधारण ९५ टक्के खात्रीनं खरं क्षेत्र ४८.४ ते ५८ यांच्या दरम्यान कुठेही. वाचनापेक्षा पावणेदोन पटसुद्धा! तरी निकाल पासच, कारण १ ते ६ गिगाहर्ट्झसाठी सिस्परनं ५.२ डेसिबलपर्यंतची अनिश्चितता गृहीत धरली आहे. त्याहून जास्त असती, तर फरक वाचनात मिळवावा लागला असता.

हा नियम मला योग्य वाटतो. पण तो निकालाचा नियम आहे, खात्रीचा नाही. मर्यादेखाली ०.८ डेसिबल उरलेल्या उपकरणाबाबत मी निर्धास्त राहणार नाही. चाचणीचा अहवाल हाती आला, की ‘पास’ वाचण्याआधी अनिश्चिततेची ओळ शोधा. नसेल, तर प्रयोगशाळेला विचारा.