तबकडीत न मावलेला नट

संगीत रंगभूमीवर नट नव्हतेच, होते ते गायक. बाकीची मंडळी मधे बोलायची ती गायकाला दम खायला मिळावा म्हणून. हे विधान इंदापुरातल्या एका व्याख्यानात भर सभेत केलं गेलं आणि त्याला टाळ्याही पडल्या. वक्ते अभ्यासू होते. विषय त्यांनी मन लावून मांडला होता, बालगंधर्वांच्या तबकड्या ऐकवल्या होत्या, श्रोत्यांचे डोळे पाणावले होते. एखाद्या उथळ माणसाने हे म्हटलं असतं तर सोडून दिलं असतं. पण जाणकाराच्या तोंडून निघालेलं असं वाक्य गावात मुरतं, पोरं ते निबंधात लिहितात, आणि दहा वर्षांनी तोच इतिहास होऊन बसतो. म्हणून हे उत्तर.

उत्तराची सुरुवात एका नावाने करतो : गणेश गोविंद बोडस, म्हणजे गणपतराव बोडस. जन्म २ जुलै १८८०. त्याच वर्षीच्या ३१ ऑक्टोबरला अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात ‘शाकुंतल’ उभं केलं. संगीत नाटक आणि हा नट एकाच वयाचे. पुढे बोडस किर्लोस्कर मंडळीत गेले आणि तिथेच घडले. ‘सौभद्रा’त कृष्ण, ‘मृच्छकटिका’त शकार. या दोन भूमिका एका माणसाने कराव्यात, यातच सगळं आलं. कृष्ण सगळ्यांच्या मनातलं ओळखून सगळ्यांना खेळवणारा. शकार राजाचा मेव्हणा, मूर्ख, उन्मत्त आणि धोकादायक. आज कृष्ण आणि उद्या शकार, प्रेक्षक तोच, गावही तेच. आणि उद्याच्या शकारात कालचा कृष्ण शोधून सापडू नये.

१२ मार्च १९११ रोजी मुंबईत किर्लोस्कर मंडळीने खाडिलकरांचं ‘मानापमान’ आणलं. भामिनी बालगंधर्वांची, धैर्यधर नानासाहेब जोगळेकरांचा, आणि लक्ष्मीधर बोडसांचा. या नाटकाचं नाव काढलं की आपल्याला गोविंदराव टेंब्यांच्या चाली आठवतात, आणि त्या आठवाव्यातच. परंतु लक्ष्मीधर हे काय प्रकरण आहे ते पाहा. पैसा अमाप, अंगावर दागिने, आणि छातीत धैर्याचा पत्ता नाही. भामिनीने श्रीमंती आणि शौर्य यांतून निवड करायची, हा नाटकाचा पेच. लक्ष्मीधर नुसता विदूषक वाटला तर निवडीला अर्थच उरत नाही. कुणीही मुलगी विदूषकाला नाकारील. तो काही काळ तरी वर म्हणून शोभला पाहिजे, आणि मग त्याच्या पैशाखालचा भित्रेपणा हळूहळू उघडा पडला पाहिजे. भामिनीचं मन बदलतं ते धैर्यधराच्या गुणांमुळे जेवढं, तेवढंच लक्ष्मीधर नजरेतून उतरत गेल्यामुळे. ते उतरणं बोलण्यातून, चालण्यातून, बसण्याउठण्यातून दाखवायचं. याला दम खायची जागा म्हणणाऱ्याने नाटक पाहिलेलं नाही, फक्त ऐकलेलं आहे.

१९१३च्या जुलैमध्ये बालगंधर्व, टेंबे आणि बोडस या तिघांनी किर्लोस्कर मंडळी सोडून गंधर्व नाटक मंडळी काढली. एक गायक नट, एक संगीतकार आणि एक गद्याचा कसबी, असे तिघे मालक. गाण्यावरच सगळं चालतं असं त्या काळी कुणाला वाटत असतं, तर तिसरा मालक कशाला केला असता? धंद्याचं गणित त्यांना आपल्यापेक्षा चांगलं कळत होतं. पुढे वाटा वेगळ्या झाल्या, तो इतिहास निराळा.

बोडसांच्या सगळ्या कारकिर्दीतून मला दोन भूमिका पुन्हापुन्हा खुणावतात. १९१६ साली गंधर्व मंडळीने देवलांचं ‘संशयकल्लोळ’ संगीताच्या साजात आणलं. मूळ मोलिएरचं ‘स्गानारेल’, त्यावरून मर्फीचं इंग्रजी नाटक, त्यावरून देवल. देवल त्याच वर्षी गेले. बालगंधर्वांची रेवती आणि बोडसांचा फाल्गुनराव. रेवतीला मूर्च्छा येते, फाल्गुनराव तिला सावरतो, ते त्याची बायको कृत्तिका पाहते. रेवतीच्या हातून पडलेली तिच्या प्रियकराची, अश्विनशेटची तसबीर कृत्तिकेला सापडते, आणि ती तिच्या हातात फाल्गुनराव पाहतो. एवढ्या बारीक ठिणगीवर दोन घरं पेटतात. फाल्गुनराव उतारवयाचा आहे, आणि संशय हा त्याचा स्वभाव आहे. तो हास्यास्पद आहे, पण त्याला होणारा त्रास खोटा नाही. मोठ्याने हसवायला गेलं की त्रास मरतो. त्रास दाखवायला गेलं की हसू मरतं. बोडसांचं नाव या भूमिकेला कायमचं चिकटलं ते या दोहोंच्या मधल्या चिंचोळ्या वाटेवरून ते चालत राहिले म्हणून.

आणि मग २० फेब्रुवारी १९१९, बडोदा : ‘एकच प्याला’चा पहिला प्रयोग. तो लिहिणारे गडकरी जाऊन महिनासुद्धा झालेला नव्हता. २३ जानेवारीला सावनेरला ते गेले. ‘एकच प्याला’तली पदं विठ्ठल सीताराम गुर्जरांनी रचली. बालगंधर्वांची सिंधू, आणि सुधाकर पुन्हा बोडसांचा. तीन वर्षांपूर्वी जो नवरा विनाकारण संशयाने घर डोक्यावर घेऊन लोकांना हसवत होता, तोच आता एका पेल्याने घर बुडवणारा नवरा झाला. सुधाकर बुद्धिमान वकील, मानी, अपमान सहन न होणारा. तळीराम त्याच्या पुढ्यात पेला ठेवतो. गडकऱ्यांचं गद्य पल्लेदार, वाक्यामागून वाक्य चढत जाणारं. ते नुसतं पाठ म्हटलं तर वक्तृत्व स्पर्धा होते. दारू प्यालेल्या माणसाच्या तोंडी इतकी घडीव वाक्यं कशी शोभावीत? शोभतात, कारण सुधाकराची बुद्धी शेवटपर्यंत शाबूत आहे. आपलं काय होतं आहे ते त्याला दिसतं, आणि ते दिसूनही हात पेल्याकडे जातो. हे नटाने आधी समजून घ्यायचं आणि मग त्या वाक्यांना श्वास द्यायचा.

व्याख्यात्यांनी आपल्या म्हणण्याला फ्रेंच विचारवंत दिदेरोचा आधार घेतला होता. दिदेरो माझाही आवडता. त्याचा नटाबद्दलचा ग्रंथ अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात लिहिलेला, छापला गेला तो त्याच्या मृत्यूनंतर बऱ्याच वर्षांनी, १८३० मध्ये. मोठा नट स्वतः काही अनुभवत नाही, तो थंड डोक्याने पाहतो, साठवतो आणि हवं तेव्हा हुबेहूब उभं करतो, हे त्याचं प्रतिपादन. व्याख्यात्यांनी त्यावरून निष्कर्ष काढला की आमचे जुने नट भावनेच्या भरात रडत, ओरडत. त्यांना कसब नव्हतं. कसब होतं ते फक्त गळ्याचं.

दिदेरोचा खरा मुद्दा मात्र पुनरावृत्तीचा आहे. खऱ्या भावनेवर अवलंबून राहणारा नट पहिल्या प्रयोगाला पेटेल आणि तिसऱ्या प्रयोगाला राख होईल, असं तो म्हणतो. आता आपल्या मंडळ्यांकडे पाहा. तीच भूमिका वर्षानुवर्षं. आठवड्यात नाटकं बदलायची, भूमिका बदलायच्या. मंडळीचं बिऱ्हाड आज एका गावी, महिन्याने दुसऱ्या. बोडसांनी फाल्गुनराव, शकार, कृष्ण, लक्ष्मीधर आणि सुधाकर हे सगळे एका अंगात वागवले. दिदेरोने सांगितलेली परीक्षा या माणसाने रोज दिली. व्याख्यात्यांनी ज्याचा हवाला दिला, त्याच्याच कसोटीवर बोडस उत्तीर्ण होतात.

पण मला इथे थांबवत नाही, कारण दिदेरोपुढे कधी न आलेला एक प्रश्न मराठी नटापुढे रोज येत होता. वन्स मोअर. रंगमंचावर सिंधू गाते आहे. समोर सुधाकर आहे. पद संपतं, थिएटर गरजतं, आणि पद पुन्हा सुरू होतं. कधी तिसऱ्यांदा. त्या सगळ्या वेळात सुधाकराने काय करायचं? त्याला वाक्य नाही. हालचाल केली तर गाण्यात व्यत्यय. जी शरम पहिल्या वेळी त्याच्या चेहऱ्यावर आली ती तिसऱ्यांदा कुठून आणायची? खरंच शरमला असेल तर ती पहिल्याच वेळी खर्च झाली. थंड डोक्याचा असेल तर तो आता नुसता खांब आहे, आणि प्रेक्षकाला खांब लगेच कळतो. दिदेरोचे दोन्ही नट इथे हरतात, भावनावश नटही आणि थंड नटही.

उरतो तिसरा मार्ग : ऐकणं. समोरची बाई तिसऱ्यांदा तेच पद म्हणते तेव्हा ते तेच नसतं. गायक जागा बदलतो, एखादा शब्द वेगळ्या स्वराने उचलतो. समोरचा नट जर खरोखर ऐकत असेल तर त्याला प्रत्येक वेळी नवं काही लागतं. भरतमुनींनी अश्रू, स्वेद, रोमांच यांना सात्त्विक भाव म्हटलं आणि सत्त्व हे एकाग्र मनातून उपजतं असं सांगितलं. स्वतःच्या दुःखाने रडावं असं नाही, नुसत्या युक्तीने पाणी काढावं असंही नाही. मन गोळा करावं. दिदेरो आणि त्याचे विरोधक दोनशे वर्षं ज्याच्यावरून भांडले, ती गाठ आपल्याकडे फार आधी सुटलेली होती, आणि गद्य नटाला ती रोज विंगेत उभं राहून अनुभवाने कळत होती.

इथे येऊन माझाच रोख वळतो. मी लिहायला बसलो तो गायकाने नटाला झाकलं हे सांगायला. तेवढं खरं आहेच, पण अपुरं आहे. गाणं नसतं तर बोडसांना ही ऐकण्याची शाळा मिळाली नसती. निव्वळ गद्य मंडळ्याही तेव्हा होत्या आणि तोलामोलाच्या होत्या. शाहूनगरवासी मंडळीत गणपतराव जोशी हॅम्लेट करत, आगरकरांच्या ‘विकारविलसित’मधला. महाराष्ट्र नाटक मंडळीने १९०७ मध्ये ‘कीचकवध’ उभा केला. तिथे नट स्वतःच्या आवाजाने रंगमंच भरून टाकी, तोच केंद्र. संगीत नाटकातल्या गद्य नटाला केंद्र दुसऱ्याचं आहे हे मान्य करून आपली जागा पक्की करावी लागे. त्यातून आलेला संयम त्या काळच्या निव्वळ गद्य अभिनयात मला क्वचितच दिसतो.

आणि गाणं व अभिनय यांची ही सोबत आमच्या या भागाला नवी नाही. बारामतीला मोरोपंतांनी आयुष्य घालवलं, बाबूजी नाइकांच्या आश्रयाने. त्यांच्या आर्या पुस्तकात राहिल्या नाहीत, कीर्तनकारांच्या तोंडी गेल्या. कीर्तनात एकच माणूस उभा असतो. तोच कर्ण, तोच कुंती, तोच मधे निरूपण करणारा. आर्या म्हणून होते न होते तोच तो बोलू लागतो, बोलता बोलता पुन्हा चाल धरतो. गाणं कुठे संपलं आणि अभिनय कुठे सुरू झाला, हे सांगता येत नाही. उत्तररंगात एखादा प्रसंग चांगल्या कीर्तनकाराने उभा केला की देवळाच्या सभामंडपात सगळी पात्रं दिसतात. इंदापूरच्या मातीला तमाशाही ठाऊक आहे. वगात सोंगाड्या गद्याने पेच बांधतो आणि लावणी तो पेच सोडते. गाणं आणि बोलणं यांच्यात भिंत घातली गेली ती नंतर, आणि ती नाटकवाल्यांनी घातलेली नाही.

ती घातली ग्रामोफोनने. १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहरजानच्या आवाजाने हिंदुस्थानात तबकडी आली. एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं. पद त्यात बसतं. फाल्गुनरावाचा संशय त्यात बसत नाही; तो अंकभर साठत जाणारा आहे. शेजारी दुसरं पात्र हवं, मधली शांतता हवी, आणि शांततेला तबकडीवर कोण जागा देणार? म्हणून बालगंधर्वांचा आवाज घरोघरी पोहोचला आणि त्याच रंगमंचावर त्यांच्या समोर उभा असलेला माणूस थिएटरातच राहिला. जे यंत्रात मावलं तेवढंच श्रेष्ठ, असा न्याय आपण शंभर वर्षं करत आलो आहोत. व्याख्यात्यांनी ऐकवलेल्या तबकड्या खऱ्या होत्या. त्यांनी काढलेला निष्कर्ष मात्र तबकडीच्या लांबीचा होता.

ज्यांनी समोर बसून पाहिलं त्यांचा न्याय निराळा होता. बळवंत संगीत मंडळीचं ‘भावबंधन’ घ्या. त्यात लतिका दीनानाथ मंगेशकरांची. गळा कसा ते सांगायला नको. पण घनश्याम झाला तो चिंतामणराव कोल्हटकरांचा. अपमान गिळता न आल्यामुळे सूडाला पेटलेला हा खलपुरुष त्यांच्या नावाशी जोडला गेला. त्याच नाटकात दिनकर ढेरे यांनी कामण्णाचं काम केलं, आणि लोकांनी त्यांचं आडनावच बदलून टाकलं : दिनकर कामण्णा. दीनानाथ गात असताना लोकांचं लक्ष कामण्णाकडे जात नव्हतं, असं म्हणणाऱ्याने या आडनावाचं काय करायचं ते सांगावं. कोल्हटकरांच्या ‘बहुरूपी’ या आत्मचरित्राला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. बोडसांनी ‘माझी भूमिका’ १९४० साली लिहिलं. बालगंधर्वांपाठोपाठ १९५६ मध्ये संगीत नाटक अकादमीने बोडसांना गौरवलं. तबकडीने नाही, तर या पुस्तकांनी गद्य नटाची विद्या जपली. इंदापूर-बारामतीच्या ग्रंथालयांतून ती मागून वाचावीत.

आता दिवाळी पहाटेच्या कार्यक्रमांकडे वळतो, कारण वाद तिथेच जिवंत आहे. गावोगावी पहाटे मांडव पडतो, नाट्यपदं होतात, सिंधूचं पद होतं. निवेदक दोन वाक्यांत प्रसंग सांगतो आणि गायिका गाते. सुरेल असतं, मीही जातो. पण ती ज्याला उद्देशून गाते आहे तो माणूस व्यासपीठावर नसतो. सिंधू नवऱ्याला सोडायला तयार नाही. नवरा कोण, तो कुठल्या अवस्थेत आहे, तो ऐकतो आहे की पेल्याकडे पाहतो आहे, यावर त्या पदाचा सगळा भार आहे. सुधाकर काढून घेतला की तिची निष्ठा उरत नाही, फक्त गोड चाल उरते. आणि व्याख्यात्यांना नेमकी तेवढीच ऐकू आली.

तेव्हा माझं मागणं साधं आहे. पुढच्या वर्षी इंदापुरात पहाटेच्या कार्यक्रमात दहा पदांऐवजी पाच ठेवा, आणि त्यांतली दोन तरी प्रवेशासकट करा : एक ‘संशयकल्लोळ’मधला, एक ‘एकच प्याला’मधला. आपल्या तालुक्यात हौशी नट आहेत, शाळामास्तर आहेत, कोर्टात बोलणारे वकील आहेत. गडकऱ्यांचं गद्य पाठ करायला एक पावसाळा पुरतो. सुधाकराचं काम करणाऱ्याला तालमीत पहिली सूचना एवढीच द्यावी की गायिका पद म्हणत असेल तेव्हा प्रेक्षकांकडे पाहायचं नाही, आणि वन्स मोअर आला तरी जागा सोडायची नाही.