डोंगरातला गोटा

दिल्लीहून डेहराडूनला जाताना मोहंडचा घाट लागतो. तिथे शिवालिक टेकड्यांच्या उभ्या कड्यांत गोल गोटे खच्चून भरलेले दिसतात. काही लिंबाएवढे, काही नारळाएवढे. हात फिरवला तर कुठे कंगोरा लागत नाही. दगड असा गुळगुळीत होतो तो नदीच्या पात्रात घरंगळून. मग नदीतले गोटे डोंगराच्या पोटात कसे आले?

सुमारे 5 कोटी वर्षांपूर्वी भारताचा भूपट्ट आशियाला भिडला आणि हिमालय वर येऊ लागला. त्या पर्वताचा भार आपल्या भूमीच्या उत्तर कडेवर पडला आणि इथला कठीण खडकही वाकला. गादीवर जड ट्रंक ठेवली की ट्रंकेलगत गादी खोल दबते, लांब जावं तशी पुन्हा वर येते, अगदी तसंच. पर्वताच्या पायथ्याशी शेकडो कोस लांबीचं खोलगट पात्र तयार झालं.

ते भरलं कुणी? हिमालयानंच. यमुना, गंगा, घागरा, गंडक, कोसी त्याचे कडे झिजवत राहिल्या, गाळ आणून ओतत राहिल्या. त्या गाळाच्या वजनानं पात्र आणखी दबलं, आणखी गाळ मावला. पायथ्याशी हा थर काही किलोमीटर जाड आहे. दक्षिणेला विंध्याकडे जाताना तो पातळ होत संपतो. गव्हाच्या हिरव्या शेतांखाली असा तिरपा खोलावा दडला आहे, हे वरून कळतसुद्धा नाही.

गोष्ट इथेही थांबत नाही. भारत आजही वर्षाला सुमारे 5 सेंटीमीटर उत्तरेकडे सरकतो. त्या रेट्यानं भरलेल्या पात्राची उत्तर कड चुरगळली, वर उचलली गेली. तेच शिवालिक. नदीनं खाली टाकलेला गोटा असा कड्यात चढला. 1830च्या दशकात फाल्कनर आणि कॉटली या संशोधकांना याच टेकड्यांत प्राचीन हत्तींची आणि जिराफाच्या कुळातल्या अवाढव्य शिवथेरियमची हाडं सापडली. एके काळी मैदानात चरणारी ती जनावरं!

मला या सगळ्यात पर्वताच्या उंचीपेक्षा त्याची वागणूक मोठी वाटते. ज्याच्या भारानं भूमी वाकली, त्यानंच आपलं अंग झिजवून तो खोलावा भरला. आणि एवढा भरला की त्यावर कोट्यवधी माणसांची शेतं उभी राहिली.

आपणही उंच होताना कुणाला तरी वाकवत असतो. धाकट्यांची फी भरता यावी म्हणून शाळा सोडून कामाला लागलेली थोरली ताई कितीतरी घरांत असते. भावंडं शिकतात, नाव काढतात, सत्कार होतात. ताईचा वाकलेला खांदा मात्र फोटोत येत नाही. तिनं तो भार कधी बोलून दाखवलेला नसतो, म्हणून आपणही तो विसरून जातो.

आपल्या उंचीखाली कोण वाकलं होतं, हे आज शांतपणे आठवून पाहा. आणि जे मिळवलं, त्यातलं थोडं तिकडे वाहू द्या. थेंबाथेंबानं, कणाकणानं का होईना. हिमालयानंही ते पात्र कणाकणानंच भरलं आहे, आणि अजून तो थांबलेला नाही.