राजाला मर्यादा शिकवणारा दिवाण

बडोद्याचा नागरवाडा नागर ब्राह्मणांच्या वस्तीमुळे या नावाने ओळखला जातो. कलम, कडछी आणि बरछी हे नागरांचे तीन गुण, असे गुजरातेत म्हणतात. संस्थानी कारभारात त्यांची कलम सर्वांत जास्त चालली. भावनगरचे दिवाण गौरीशंकर ओझा नागरच. राज्य सांभाळून त्यांनी वेदान्तावर ‘स्वरूपानुसंधान’ लिहिले. बडोद्यात मात्र या परंपरेतला सर्वांत मोठा पुरुष नागर नव्हता. तो तंजावरी मराठी होता: राजा सर टी. माधवराव.

१८२८ साली कुंभकोणमला जन्म. वडील रंगराव आणि चुलते वेंकटराव, दोघेही त्रावणकोरचे दिवाण. स्वतः माधवराव त्रावणकोर आणि इंदूर करून १८७५ मध्ये बडोद्यास आले, तेव्हा राज्याची घडी पार विस्कटली होती. रेसिडेंट कर्नल फेअर यांच्यावरील विषप्रयोगाच्या आरोपावरून मल्हारराव गायकवाडांची चौकशी झाली. आयोगातील तीन इंग्रज आणि तीन हिंदी सभासदांत एकमत झाले नाही, तरी गैरकारभाराचे कारण देऊन सरकारने त्यांना पदच्युत केले. राजघराण्यातल्या महाराणी जमनाबाईंनी नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा बारा वर्षांचा मुलगा दत्तक घेतला. तोच पुढे सयाजीराव.

माधवरावांनी महसुलाची इजारेदारी मोडली आणि न्यायालये उभी केली. पण मला त्यांचे सर्वांत मोलाचे काम वाटते ते १८८१ मधले. अधिकारसूत्रे हाती घेणाऱ्या सयाजीरावांना त्यांनी राज्यकारभारावर व्याख्याने दिली, ती ‘मायनर हिंट्स’ या नावाने छापली गेली. राज्याचा हेतू प्रजेचे सुख हा आहे, राजाची मर्जी म्हणजे कायदा नव्हे, राजवाड्याच्या खर्चाला सीमा हवी, खुशमस्कऱ्यांना आणि वाड्यातल्या नोकरांना राज्याच्या कामात हात घालू देऊ नये. सर्वसत्ताधीश होऊ घातलेल्या तरुणाला हे तोंडावर सांगायला धैर्य लागते.

माधवरावांना इंग्रजांनीच नेमले होते, तेव्हा त्यांची शिस्तही इंग्रजांच्याच सोयीची, असा आक्षेप घेतला जातो. मला तो अपुरा वाटतो. ब्रिटिश सरकारशी वागताना तह नीट जाणावेत आणि आपले हक्क संयमाने, युक्तिवादाने मांडावेत, हेही त्यांनीच शिकवले. फौजेचे बळ नसलेल्या राज्यापाशी लेखी करार हेच शस्त्र असते. मल्हाररावांच्या कारभाराची अंदाधुंदीच सरकारला निमित्त म्हणून पुरली होती. कायद्याने चालणाऱ्या दरबारात हात घालणे रेसिडेंटलाही जड जाते, हे या मुत्सद्द्याने अचूक ओळखले होते.

सयाजीराव पुढे दिवाणाच्याही पुष्कळ पुढे गेले. १८९३ मध्ये अमरेली भागात आणि १९०६ मध्ये राज्यभर त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. ते कर्तृत्व निःसंशय त्यांचेच. पण एका माणसाच्या सदिच्छेवर नव्हे, तर नियमांवर राज्य चालवायचे, ही जमीन आधी तयार झालेली होती.

माधवराव १८८२ मध्ये बडोदे सोडून गेले आणि १८९१ मध्ये वारले. तिरुअनंतपुरमला सचिवालयासमोर त्यांचा पुतळा आहे. तो भागच ‘स्टॅच्यू’ म्हणून ओळखला जातो. आपण मराठी माणसे मात्र सयाजीरावांचा अभिमान बाळगतो आणि या मराठी दिवाणाला विसरतो. सयाजीरावांवर लिहिणाऱ्या-बोलणाऱ्या प्रत्येकाने ती व्याख्याने आधी वाचावीत.