तूर्तास चालू द्या

नियमात न बसणाऱ्या कारखान्याला परवाना देताच कशाला, हा सवाल रास्त वाटतो. पण नियम कालचा आणि धुराडं चाळीस वर्षांपूर्वीचं असलं, तर दुसऱ्या दिवशी टाळं ठोकता येत नाही. वीज केंद्राला तर नाहीच. त्यामुळे ठरावीक मुदतीत सुधारणा करण्याच्या अटीवर दिलेली सशर्त संमती मला मुळातच गैर वाटत नाही. मुदत नेमकी कुणाला बांधते, एवढंच पाहायचं.

अमेरिकेने १९९० साली आपल्या हवा कायद्यात दुरुस्ती करून मोठ्या कारखान्यांसाठी परवाना पद्धत आणली. नियमात न बसणाऱ्यालाही तिथे परवाना मिळतो, पण सुधारणेचं वेळापत्रक परवान्याचाच भाग असतं. किमान दर सहा महिन्यांनी प्रगती कळवावी लागते. आणि त्या नियमावलीत एक फार शहाणं कलम आहे: वेळापत्रक मिळालं म्हणजे उल्लंघनाला मान्यता मिळाली, असं नव्हे. मधल्या काळातलं प्रदूषण उल्लंघनच राहतं आणि नागरिक कोर्टात जाऊ शकतात. तिथेही हे सगळं सुरळीत चालतं असं नाही. पण कागद तरी खोटं बोलत नाही.

आपल्याकडे काय झालं? ७ डिसेंबर २०१५ रोजी केंद्राने औष्णिक वीज केंद्रांसाठी नवे निकष जाहीर केले. जुन्या संचांना दोन वर्षं दिली. धुरातला सल्फर डायऑक्साइड चुनखडीच्या द्रावणात शोषून घेणारी यंत्रणा बसवायची होती. २०१७ उजाडलं, मुदत २०२२ वर गेली. २०२१ मध्ये केंद्रांचे जागेनुसार अ, ब, क असे गट पाडले आणि बहुतेकांना आणखी सवड मिळाली. २०२२ मध्ये पुन्हा दोन वर्षं, २०२४ च्या डिसेंबरात पुन्हा तीन. मग जुलै २०२५ मध्ये क गटाला, म्हणजे सुमारे ७८ टक्के संचांना, या यंत्रणेतून मोकळंच केलं. अतिप्रदूषित पट्ट्यांपासून दहा किलोमीटरच्या आतल्या ब गटाचा निर्णय प्रकरणागणिक होणार. २,९२० मेगावॉटचं आपलं चंद्रपूर वीज केंद्र अशाच पट्ट्यात येतं.

सरकारचा युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. देशी कोळशात गंधक कमी, यंत्रणा महाग, वीजदर वाढणार. पण सल्फर डायऑक्साइड हवेत सल्फेटचे सूक्ष्म कण होऊन शेकडो किलोमीटर जातो. गटांची दहा किलोमीटरची रेघ त्याला ठाऊक नसते. आणि कोळशातलं गंधक २०१५ मध्येही कमीच होतं. त्यामुळे निकष चुकला असेल तर तेव्हाच तसं म्हणायचं होतं. दहा वर्षं मुदती वाढवून शेवटी माफी दिली, म्हणजे ज्यांनी वेळेत पैसे घालून यंत्रणा बसवली ते वेडे ठरले आणि थांबून राहिलेले शहाणे. पुढच्या नियमाच्या वेळी कुठला व्यवस्थापक घाई करेल?

आता लोकांचा सहभाग पाहा. आपल्या १९८१ च्या हवा कायद्याखाली राज्याचं प्रदूषण नियंत्रण मंडळ संमती देतं किंवा तिचं नूतनीकरण करतं, तेव्हा जनसुनावणीची तरतूद नाही. अमेरिकेत परवान्याच्या मसुद्यावर लोकांना किमान तीस दिवस मिळतात. एवढं तरी उचलावं. चंद्रपूरला मुदतवाढ द्यायचीच असेल तर दिल्लीत राजपत्र छापून नको. चंद्रपुरात, तिथल्या लोकांसमोर, कारणं सांगून द्यावी.