वेदीपाशी आईची आठवण



नोव्हेंबर महिना आला की आपली पावले दफनभूमीकडे वळतात. कबरींवरचे गवत काढले जाते, क्रूस धुतले जातात आणि २ तारखेला, सर्व मृत भाविकांच्या स्मृतिदिनी, सारा परिसर मेणबत्त्यांनी उजळून निघतो. त्या गर्दीत आईच्या कबरीपाशी उभे असलेले कितीतरी चेहरे आपल्या ओळखीचे असतात. शेजारीच नातवंडे उभी असतात. घरातील जागा एकच रिकामी झालेली असते. पण मुलांची आई गेलेली असते आणि नातवंडांची आजी.

यंदा या दिवसासाठी आपण संत मोनिकाच्या मरणाची हकिगत आठवू या. मुलासाठी वर्षानुवर्षे अश्रू ढाळणारी आई म्हणून ती आपल्याला ठाऊक आहे. पण ती आजीही होती, हे आपल्या सहसा ध्यानात येत नाही. ऑगस्टिनचा मुलगा आदेओदातुस हा तिचा नातू. इ. स. ३८७ च्या ईस्टरला मिलान शहरात बिशप संत अँब्रोज यांच्या हातून बापलेकांचा स्नानसंस्कार एकदमच झाला. आजीला आणखी काय हवे होते? मग हे कुटुंब आफ्रिकेतील आपल्या घरी परतायला निघाले आणि रोमजवळच्या ओस्तिया बंदरात थांबले. तेथे मोनिकाला ताप आला. आजाराच्या नवव्या दिवशी, वयाच्या ५६ व्या वर्षी, ती देवाघरी गेली.

आपल्या पतीच्या कबरीशेजारी तिने स्वतःसाठी जागा करून ठेवली होती. तेथेच आपल्याला ठेवावे अशी तिची फार दिवसांची इच्छा होती. म्हणून ऑगस्टिनचा भाऊ म्हणाला, की परक्या देशात नको, आईला आपल्या गावी मरण यावे. पण आईने त्याच्याकडे नाराजीने पाहिले. देह कुठेही पुरा, त्याची चिंता नको, असे ती म्हणाली. मागणे एवढेच होते, की मुलांनी जिथे असतील तिथे प्रभूच्या वेदीपाशी तिची आठवण करावी.

आपल्या घरांतून काय होते? कबर कोणी बांधायची, संगमरवर कोणता, नाव कोणाचे आधी, यावरून सख्खी भावंडे एकमेकांशी बोलेनाशी होतात. महिन्याच्या मिस्साला एक भाऊ पुढच्या बाकावर, तर दुसरा मागच्या दाराशी. आईला कोणती आठवण आवडली असती, हे विचारायचे राहूनच जाते.

मोनिकाचे डोळे ऑगस्टिनने स्वतः मिटले. त्याच क्षणी आदेओदातुसने हंबरडा फोडला. सर्वांनी त्याला गप्प केले. आई प्रभूकडे गेली, मग रडायचे कशाला, असे त्या श्रद्धावंत मंडळींना वाटले. एकाने स्तोत्रसंहिता उघडून स्तोत्र गायला सुरुवात केली. ऑगस्टिननेही बळेच डोळे कोरडे ठेवले, दफनाच्या वेळीही. पुढे एकांतात मात्र त्याचा बांध फुटला. ते सारे त्याने 'कन्फेशन्स' या ग्रंथाच्या नवव्या भागात लिहून ठेवले आहे. आईसाठी थोडा वेळ रडलो म्हणून मला कोणी हसू नये, असेही सांगितले आहे. लाजरसाच्या कबरीपाशी प्रभू येशूचेही डोळे भरून आले होते. मग आपण "रडायचं नाही हां, आजी स्वर्गात गेली" म्हणून लहानग्यांना का दटावतो? त्यांना आजीच्या पेटीपाशी येऊ द्यावे, रडू द्यावे. आदेओदातुस स्वतः फार जगला नाही. काही वर्षांतच, ऐन तारुण्यात, तो आजीच्या मागोमाग गेला.

मोनिकाला कबरीची फिकीर नव्हती, पण तिची आठवण दगडानेही सोडली नाही! १९४५ साली ओस्तियातील चर्चच्या आवारात खेळता खेळता खड्डा खणणाऱ्या मुलांना तिच्या स्मृतिशिलेचा तुकडा सापडला. तिचे अवशेष मात्र त्याआधीच रोमला नेलेले होते. तेथे ते मुलाच्याच नावाच्या चर्चमध्ये आहेत.

आईचे मागणे ऑगस्टिन विसरला नाही. त्या ग्रंथात त्याने वाचकांनाही विनवले, की वेदीपाशी माझ्या आईवडिलांची आठवण करा. आजही मिस्साबलिदानात, ख्रिस्तशरीर व रक्ताच्या अर्पणानंतर, मृतांसाठी प्रार्थना होते. पहिल्या कृतज्ञतास्तुतीच्या प्रार्थनेत तर धर्मगुरू त्यांची नावे घेण्यासाठी थांबतात. तेवढ्या क्षणात आपापल्या आईचे नाव मनात घ्यावे. रुसलेल्या भावाबहिणीला त्या दिवशी आपल्याच बाकावर बोलवावे.

आणि मृतांच्या नावांचा कागद नातवंडांच्या हाती द्यावा. कित्येकांना आजीचे खरे नाव ठाऊकच नसते. त्यांच्यासाठी ती नुसती आजी असते. ते नाव त्यांना सांगावे आणि त्यांच्याच अक्षरात लिहून वेदीपर्यंत आणू द्यावे.