वाटणीत जमिनीचा वाटा

पितरांचं ऋण फेडायला मुलगा हवा, हे मी कीर्तनात ऐकलं त्याच्या कितीतरी पट आरोग्य उपकेंद्राच्या नोकरीत ऐकलं. माण तालुक्यातल्या वाड्यावस्त्या पालथ्या घालत मी परिचारिका म्हणून उमेदीची सगळी वर्षं काढली. तांबी, माला-डी, टाक्याचं आणि बिनटाक्याचं ऑपरेशन ही माझी रोजची भाषा. दोन मुलींवर थांबा म्हटलं, की घरातली म्हातारी पुढे सरायची आणि विचारायची, "नर्सबाई, मग आमास्नी पाणी कोन पाजणार?" सोबतची माणसं चिडायची, अडाणीपणा म्हणायची. मला तसं कधी वाटलं नाही. म्हातारीचा प्रश्न हजारो वर्षं शहाणीसुरती माणसं विचारत आली आहेत.

तैत्तिरीय संहितेत तीन ऋणं सांगितली आहेत. ऋषींचं अध्ययनाने फिटतं, देवांचं यज्ञाने, पितरांचं संततीने. तिथे ते ब्राह्मणापुरतं म्हटलं आहे, पुढे परंपरेने ते सगळ्यांच्याच गळ्यात पडलं. शतपथ ब्राह्मणाने चौथं ऋण घातलं, माणसांचं. ते आल्यागेल्याला अन्न आणि आसरा देऊन फेडायचं. महाभारताच्या आदिपर्वात निपुत्रिक पांडू हीच चार ऋणं मोजतो आणि त्यातल्या एकाच्या काळजीने खचून जातो. माझे वडील माळकरी, घरात पोथ्या होत्या, म्हणून हे लहानपणापासून कानावर होतं. नोकरीत शिरल्यावर मात्र एक गोष्ट डाचायला लागली. या यादीत जमीन कुठे आहे? यज्ञातलं तूप, पाहुण्याचं ताट, श्राद्धाचा भाताचा पिंड, सगळं जिच्यातून येतं तिचं देणं कुणी वेगळं मांडलेलं नाही. रोजच्या पंचमहायज्ञांत भूतयज्ञ आहे, त्यात कावळ्याकुत्र्याला, मुंगीला घास आहे. सकाळी उठताना पाय लागतो म्हणून धरणीची क्षमा मागायचा संस्कारही आहे. पण क्षमा मागणं निराळं आणि देणं फेडणं निराळं.

मला वाटतं, हे ऋण तेव्हा कुणाला सुचलं नाही याचं कारण साधं असावं. माणूस थोडा होता आणि रान अफाट होतं. हात वाढले तर घर तगायचं. आज आमच्या भागात उलटं झालं आहे, आणि तरीही आम्ही ऋणांची तीच यादी म्हणतो आहोत.

माणदेश पर्जन्यछायेत येतो. पाऊस वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आतबाहेर, तोही बेभरवशाचा. खाली काळा पाषाण, त्यावर मुरूम, त्यावर मातीचा पातळ थर. वाळवंट म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे वाळूच्या टेकड्या आणि उंट येतात. आमच्याकडचं वाळवंटीकरण तसं दिसत नाही. इथे दरवर्षी माती थोडीथोडी ओढ्याला जाते, एक दिवस नांगराचा फाळ मुरमाला लागतो आणि मग त्या रानात कुसळाशिवाय काही येत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या १९९४ च्या करारातली व्याख्याही हेच सांगते: कोरड्या आणि निमकोरड्या प्रदेशातली जमीन हवामानामुळे आणि माणसाच्या वागण्यामुळे निकस होत जाणं. इस्रोच्या नकाशासंग्रहानुसार २०११-१३ मध्ये महाराष्ट्राच्या क्षेत्रफळापैकी सुमारे ४५ टक्के जमीन कमीअधिक प्रमाणात अशी निकस झालेली होती.

यात वाढत्या माणसांचा हात कसा असतो, ते आकड्यांपेक्षा मला वाटणीत दिसलं.

समजा बारा एकराचं एक रान आहे. वरच्या अंगाला माळ, मधे मुरबाड, खाली ओढ्याकाठी काळी. बापाच्या माघारी चार भाऊ वाटणीला बसतात. वरचा तुकडा एकाला आणि काळी दुसऱ्याला दिली तर भांडणं होतील, म्हणून चांगलं आणि वाईट सगळ्यांना सारखं यावं यासाठी रान उभं चिरलं जातं, माथ्यापासून ओढ्यापर्यंत. चार लांबलचक पट्ट्या. भावाभावांत न्याय झाला. पण पट्टी इतकी अरुंद, की औत आडवं फिरवायला जागा नाही. मग नांगरट उताराच्या दिशेने सुरू होते. वळवाचा एक जोरदार पाऊस, आणि नांगराची प्रत्येक सरी पाण्याची पन्हळ होते. आजोबाने दगड लावून घातलेली आडवी ताल चार जणांत विभागली जाते; एकाच्या हिश्शात ती फुटली, तर बाकीचे म्हणतात, त्याची त्याने बांधावी. पुढे बांध कोरणं सुरू होतं. दरवर्षी वीतभर इकडून, वीतभर तिकडून. बांधावरच्या बाभळीची सावली दुसऱ्याच्या पिकावर पडते म्हणून बाभळ जाते. हिवर जातो. शेवटी चालायलासुद्धा जागा उरत नाही, दोन पट्ट्यांमध्ये नुसती एक रेघ राहते आणि त्या रेघेवरून कोर्टात तारखा पडतात. मी बाळंतिणीच्या घरी भेटीला जायची तेव्हा अशा बांधांवरून गेले आहे, आणि काही वर्षांनी तिच्या धाकट्या जावेच्या वेळी तोच बांध शोधावा लागला आहे.

महाराष्ट्रात १९७०-७१ साली दर खातेदारामागे सरासरी ४.२८ हेक्टर जमीन होती. २०१५-१६ मध्ये ती १.३४ वर आली. तुकडेबंदीचा कायदा १९४७ पासून आहे, पण घरातल्या घरात तोंडी वाटणी होते तिथे तो कुठे पोचणार? पोट भरेना म्हणून गायरानात कुदळ पडते, पड रान नांगराखाली येतं, तेवढीच गुरं उरलेल्या गवतावर तुटून पडतात. माणसं वाढल्याने जमिनीवर ताण येत नाही, असं कुणी म्हटलं तर मी ते मान्य करणार नाही. मी तो ताण बघितला आहे.

पण तेवढ्यावर थांबलं, तर सगळा दोष बाळंतिणीच्या खाटेशी आणून ठेवल्यासारखं होतं. त्याला माझी हरकत आहे. १९७६ मध्ये सक्तीच्या नसबंदीच्या रूपाने तो दोष गरिबांच्या अंगावर कसा उतरला, हे या देशाने पाहिलं. पुढे सक्ती गेली, टार्गेट राहिलं, आणि ओझं बायकांकडे सरकलं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या विवाहित स्त्रियांपैकी जवळजवळ ३८ टक्के स्त्रियांचं ऑपरेशन झालेलं आढळलं. पुरुषांच्या नसबंदीचं प्रमाण ०.३ टक्के. आमच्या बायकांनी आपला वाटा उचलला, आणि एकट्यांनी उचलला. त्याच पाहणीत महाराष्ट्रात एका स्त्रीमागे सरासरी १.७ मुलं आढळली. म्हणजे आईबापांची जागा भरून काढण्याइतकीही नाहीत.

मग जमीन सावरायला हवी होती. देशातली निकस जमीन २००३-०५ मध्ये सुमारे ९.४५ कोटी हेक्टर होती, २०१८-१९ मध्ये ती ९.७८ कोटींवर गेली. जन्म कमी होत होते त्याच वर्षांत. जन्मदर घसरला तरी आधी जन्मलेली पिढी मोठी असते, लोकसंख्या काही दशकं वाढतच राहते, हे मला ठाऊक आहे. प्रशिक्षणात आम्हाला तेच शिकवलं होतं. पण माणमध्ये मी पाहिलं ते एवढ्याने उलगडत नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर बोअर आले. पहिले बोअर प्यायच्या पाण्यासाठी होते. नंतर दोन मुलांचा बाप पाच मुलं असलेल्या आपल्या आजोबापेक्षा कितीतरी खोल जाऊन पाणी उपसायला लागला, आणि ते पाणी उसाला गेलं. राज्यात थोड्या क्षेत्रावरचा ऊस सिंचनाच्या पाण्याचा मोठा हिस्सा पितो, हे आता लपलेलं नाही. ती साखर खाणारे आम्ही सगळेच आहोत, पुण्यामुंबईचेही. तोंडं मोजायला रजिस्टर होतं, हाव मोजायला कुणी रजिस्टर दिलं नाही.

या संदर्भात आफ्रिकेतल्या दोन ठिकाणांविषयी वाचलं ते मनातून जात नाही. केनियातल्या माचाकोस भागाबद्दल १९३० च्या दशकात गोऱ्या अधिकाऱ्यांनी लिहून ठेवलं होतं, की हा मुलूख आता वाळवंट होणार. १९९० पर्यंत तिथली लोकसंख्या पाचपटीहून अधिक झाली आणि मातीची धूप कमी झाली, कारण माणसांनी डोंगरउतार पायऱ्यापायऱ्यांनी बांधून काढले. जवळच नैरोबीची बाजारपेठ होती, शहरातून पैसा येत होता, हेही त्याचं कारण आहे आणि ते सांगायला हवं. दुसरं नायजर. तिथे अलीकडेपर्यंत एका बाईला सरासरी सातच्या आसपास मुलं होती, जगात सर्वांत जास्त. तरी १९८० च्या दशकाच्या मध्यापासून मराडी आणि झिंडर भागातल्या शेतकऱ्यांनी सुमारे ५० लाख हेक्टरवर झाडं परत आणली. रोपं लावून आणली नाहीत. शेतात जुन्या झाडांची खोडं जिवंत होती, त्यांना फुटलेले धुमारे छाटून एकदोन राखले, बाकी काम मुळांनी केलं. पूर्वी झाड सरकारचं समजलं जाई, त्यामुळे ते राखण्यात कुणाला रस नव्हता. झाड आपलं आहे असं वाटायला लागल्यावर राखलं गेलं.

याचा अर्थ कितीही मुलं होऊ द्यावीत असा मी काढत नाही. नायजरच्या त्या आयांना कमी बाळंतपणं मिळावीत असं मला परिचारिका म्हणून मनापासून वाटतं, आणि ते त्यांच्या जिवासाठी वाटतं. पण जन्माला येणं हा जमिनीविरुद्धचा गुन्हा नाही. मूल जन्मतं तेव्हा एक देणं जन्मतं. ते फेडणारे दोन हातही त्याच्याबरोबर येतात.

राळेगणसिद्धीची पंचसूत्री मला म्हणूनच महत्त्वाची वाटते. आदर्श गाव योजनेत ती राज्यभर गेली, हिवरे बाजारने १९९४ पासून ती पाळली: नसबंदी, नशाबंदी, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी आणि श्रमदान. कुटुंब लहान ठेवणं आणि गवत राखणं ही एकाच व्रताची अंगं मानली गेली. हिवरे बाजारने पुढे शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही, हेही ठरवलं. हे ग्रामसभेत सगळ्यांदेखत ठरलं, एकादशी सगळ्या घराने धरावी तसं. एकट्याने बांध राखून भागत नाही, वरचा सोडून देत असेल तर खालचा वाहून जातो. इथे माझी एकच पुरवणी आहे. चराईबंदीचा भार बिनजमिनीच्या, दोन शेळ्यांवर घर चालवणाऱ्या बाईवर सर्वांत आधी पडतो. तिला माळावरचं गवत कापून न्यायचा पहिला हक्क मिळत नसेल, तर त्या व्रताचं पुण्य कुणाच्या पदरात पडणार?

२०१८ मध्ये गावांच्या जलसंधारणाच्या वॉटर कप स्पर्धेत आमच्या माणमधली टाकेवाडी पहिली आली. भर उन्हाळ्यात माणसं चर खोदत होती. त्यांच्यात माझ्या हातांवर जन्मलेल्या मुलांच्या वयाची पोरं होती, आणि तेव्हा मला शतपथातल्या चार ऋणांपुढे पाचवं लिहावंसं वाटलं. ते पैशाने फिटत नाही, वृक्षारोपणाच्या फोटोनेही नाही. आपल्या वाट्याची माती आपल्याला मिळाली त्यापेक्षा जाड थराने पुढे देणं, एवढाच त्याचा हिशेब. ज्याला मूल नाही त्यालाही ते आहे, कारण जेवतो तोही आहे. पांडूची काळजी इथे लागू होत नाही.

हे नुसतं लिहून भागणार नव्हतं, कारण माहेरची वाटणी समोर आली. माझे तीन भाऊ आणि मी. रीतीप्रमाणे माझ्यापुढे हक्कसोडपत्र आलं. बहिणींनी सही केली की तुकडे कमी पडतात, जमिनीचं भलं होतं, असं मला समजावलं गेलं. जमीन वाचवायची म्हटल्यावर पहिला त्याग बाईनेच का करायचा? मी सही केली नाही. आईच्या पोटगीसाठी वाटा काढून ठेवायची रीत आपल्याकडे आहेच. मी म्हटलं, तसाच आधी जमिनीचा वाटा काढा. वरचा माळ आणि मधली ओघळ चौघांत सामाईक. तिथे नांगर नाही, गवत कापायचं ते पाळीने, आणि दोन वाटे गावातल्या शेळीवाल्या बायकांचे. बाकीचं रान आडवं वाटायचं, तालीला ताल लावून. ज्याला वरचं हलकं रान येईल त्याला क्षेत्र जास्त. नवा बोअर चौघांच्या सहीशिवाय नाही.

थोरला लगेच तयार झाला, मधला वहिनीला विचारून. धाकट्याला वरचा तुकडा आला आहे. क्षेत्र जास्त मिळालं तरी त्याच्या मते त्याला मुरूमच मिळाला, आणि त्याचं म्हणणं अगदीच चूक नाही. ताल दुरुस्तीचा खर्च खालच्यांनी जास्त उचलावा, कारण माती अडली तर फायदा त्यांच्याही विहिरीला आहे, अशी त्याची नवी मागणी आहे. मला ती रास्त वाटते. दिवाळीत चौघं पुन्हा बसणार आहोत आणि मी त्याच्या बाजूने बोलणार आहे.